विश्लेषण : ‘साइन ३०’चे उत्तर उणे का येते? अंश आणि रेडियन हा घोळ नेमका काय आहे?

साइन ३० म्हणजे अर्धा, हे दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. पण गूगलच्या शोधचौकटीत ‘साइन ३०’ टाइप केले की उत्तर येते उणे ०.९८८. एक्सेलमध्येही तेच, पायथॉनमध्येही तेच. यंत्र बिघडलेले नसते आणि पाठ्यपुस्तकही चुकलेले नसते. पुस्तक ३० अंशांबद्दल बोलत असते, यंत्र ३० रेडियनबद्दल. अकरावी विज्ञानाला गेलेल्या मुलांची या दुसऱ्या मापाशी पहिली भेट गणिताच्या पहिल्याच प्रकरणात होते. बहुतेकांसाठी ती १८० आणि ‘पाय’ यांच्या गुणाकार-भागाकारापुरतीच उरते. चांगले चाललेले अंश सोडून हे नवे माप कशासाठी, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

यंत्र नेमके काय मोजते?

एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. त्यामुळे ३० रेडियन म्हणजे जवळपास १७१९ अंश. एखादा काटा तेवढा फिरवला, तर चार पूर्ण फेऱ्या मारून पाचव्या फेरीत तो २७९ अंशांच्या आसपास थांबेल, म्हणजे जवळजवळ सरळ खाली तोंड करून. साइन ही त्या टोकाची उंची असते. टोक तळाशी गेल्यामुळे उत्तर उणे एकच्या जवळ येते. उणे ०.९८८ हे उत्तर अचूक आहे. प्रश्न मात्र वेगळाच विचारला गेला आहे.

उणे उत्तर आले की निदान शंका तरी येते. खरा धोका पटण्याजोग्या चुकीच्या उत्तराचा असतो. समजा, देवळाच्या पायथ्यापासून २० मीटरवर उभे राहून कळसाचा उन्नत कोन ४५ अंश मोजला. टॅन ४५ म्हणजे एक, म्हणून देवळाची उंची २० मीटर. कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल, तर तोच टॅन ४५ सुमारे १.६२ येतो आणि उंची ३२.४ मीटर होते. देऊळ ३२ मीटर उंच असूही शकते, त्यामुळे या आकड्यावर कोणी अडखळत नाही. उत्तर तसेच पुढच्या पायरीत जाते. अभियांत्रिकीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर हाती आल्यावर गुण जातात ते अशा ठिकाणी.

वर्तुळाचे ३६० भाग कोणी केले?

वर्तुळात ३६० अंश का, याचे उत्तर वर्तुळात सापडत नाही. ते माणसांच्या हिशेबात सापडते. बॅबिलोनियातले ज्योतिषी ६० च्या पटीत मोजत. वर्षाचे दिवसही ३६० च्या जवळचे, त्यामुळे सूर्य आकाशात रोज साधारण एक अंश सरकतो. शिवाय ३६० ला २४ विभाजक आहेत. अर्धा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, आठवा, नववा, दहावा, बारावा, असा कोणताही भाग मागा, पूर्ण संख्याच मिळते. बॅबिलोनियाकडून ही पद्धत ग्रीकांकडे गेली आणि पुढे भारतीय सिद्धान्तग्रंथांतही रुजली. पंचांग वापरणाऱ्या घरात ती आजही आहे. राशी ३० अंशांची, नक्षत्र १३ अंश २० कलांचे, आणि चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला.

पण सगळ्यांनी ३६० च घेतले असे नाही. प्राचीन चिनी ज्योतिषी वर्तुळाचे ३६५ पूर्णांक एक चतुर्थांश भाग करत, कारण सूर्याची एक फेरी तेवढ्या दिवसांत पूर्ण होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर दशमान पद्धतीचे वारे वाहू लागले तेव्हा काटकोनाचे १०० भाग करण्यात आले आणि वर्तुळ ४०० भागांचे झाले. या भागाला ग्रेड किंवा गॉन म्हणतात. मीटरची पहिली व्याख्याही त्याच काळातली, ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग. त्यामुळे पृथ्वीच्या पृष्ठभागावर एका ग्रेडचा शंभरावा भाग म्हणजे बरोबर एक किलोमीटर असा सुबक मेळ बसला. हे माप बाजारात चालले नाही, पण युरोपातल्या काही सर्वेक्षण उपकरणांत ते टिकून आहे. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर डी आणि आर यांच्याबरोबर येणारे तिसरे अक्षर ‘जी’ हे त्याचेच.

म्हणजे ३६० असोत, ४०० असोत की ३६५ पूर्णांक एक चतुर्थांश, आकडा ठरवतो माणूसच. यात वर्तुळाचे स्वतःचे असे काही माप आहे का?

रेडियन म्हणजे नेमके काय?

एक ताट घ्यावे. मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर, म्हणजे त्रिज्या, दोऱ्याने मोजावी आणि तेवढाच दोरा ताटाच्या कडेवर वाकवून ठेवावा. दोऱ्याची दोन टोके ताटाच्या मध्याशी जोडली की जो कोन होतो, तो एक रेडियन. ताट लहान असो की मोठे, कोन तोच येतो, सुमारे ५७ अंश १७ कला ४५ विकला. यात कोणत्याही संस्कृतीचा आवडता आकडा येत नाही. कंसाची लांबी त्रिज्येच्या किती पट आहे, एवढाच प्रश्न असतो.

असे किती दोरे कडेभर बसतील? सहा बसतात आणि थोडी जागा उरते. ३० सेंटीमीटर व्यासाच्या ताटाचा परीघ सुमारे ९४.२ सेंटीमीटर. १५ सेंटीमीटरचे सहा दोरे ९० सेंटीमीटर व्यापतात आणि सव्वाचार सेंटीमीटरच्या आसपास कड मोकळी राहते. एकूण हिशेब ६.२८ दोऱ्यांचा, म्हणजेच दोन ‘पाय’. पूर्ण फेरीत दोन ‘पाय’ रेडियन, अर्ध्या फेरीत एक ‘पाय’ आणि काटकोनात अर्धा ‘पाय’ का, हे इथे ताटावरच दिसते. वर्गात हे विधान बहुधा सूत्र म्हणून फळ्यावर येते. ताट आणि दोरा आधी आले असते, तर सूत्र पाठ करण्याची वेळच आली नसती.

बालभारतीच्या २०१९ पासूनच्या अकरावीच्या गणिताच्या पुस्तकात ‘कोन आणि त्याचे मापन’ हेच पहिले प्रकरण आहे. त्यात रेडियन दाखवण्यासाठी संख्येच्या डोक्यावर छोटा ‘सी’ काढतात. हा ‘सी’ ‘सर्क्युलर मेझर’ या जुन्या इंग्रजी नावातला. रेडियन हा शब्द रूढ होण्यापूर्वी या मापाला तसे म्हणत. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांना हे प्रकरण बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच भेटते. भाषा नवी आणि मापही नवे. त्यात केवळ रूपांतराची गणिते सोडवून घेतली, तर रेडियन म्हणजे अंशांचेच दुसरे, जरा अवघड चलन, असा समज होतो. हा समज पुढे कलनशास्त्रात आणि भौतिकशास्त्रात आडवा येतो.

अंश असताना रेडियनची गरज का पडली?

दहावीतले कंसाच्या लांबीचे सूत्र आठवावे. कोन भागिले ३६०, गुणिले दोन ‘पाय’, गुणिले त्रिज्या. रेडियनमध्ये ते उरते कोन गुणिले त्रिज्या, बस्स. वर्तुळपाकळीचे क्षेत्रफळही असेच, त्रिज्येचा वर्ग गुणिले कोन, भागिले दोन. अंश वापरले की प्रत्येक सूत्राला दोन ‘पाय’ भागिले ३६० असा टोल भरावा लागतो. रेडियनमध्ये तो नाका मुळी नसतोच.

घरातला छताचा पंखा घ्या. तो मिनिटाला ३०० फेरे मारतो आणि पात्याचे टोक मध्यापासून ६० सेंटीमीटरवर आहे असे समजू. टोकाचा वेग किती? सेकंदाला पाच फेरे, प्रत्येक फेऱ्यात दोन ‘पाय’ रेडियन, म्हणजे कोनीय वेग सेकंदाला ३१.४ रेडियन. त्याला ०.६ मीटरने गुणले की सेकंदाला सुमारे १८.८ मीटर, म्हणजेच ताशी जवळपास ६८ किलोमीटर. तोच कोनीय वेग अंशांत लिहिला तर सेकंदाला १८०० अंश होतो. त्याला ०.६ ने गुणून मिळणाऱ्या १०८० या आकड्याला काहीच अर्थ नाही. ‘वेग म्हणजे त्रिज्या गुणिले कोनीय वेग’ हे भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले वाक्य फक्त रेडियनमध्ये खरे ठरते. पुस्तकात ही अट बहुधा एकदाच येते आणि मुलांच्या नजरेतून निसटते.

लहान कोनांकडे पाहिले की चित्र आणखी स्पष्ट होते. १० अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन आणि १० अंशांची साइन ०.१७३६. पाच अंशांना हे आकडे ०.०८७३ आणि ०.०८७२ होतात. एका अंशाला ०.०१७४५३ आणि ०.०१७४५२. कोन जसजसा लहान होतो तसतसे कोन आणि त्याची साइन एकच होऊ लागतात, कारण फार लहान कंस आणि सरळ उभी रेघ यांत फरकच उरत नाही. साइन भागिले कोन याची सीमा एक, हे बारावीच्या कलनशास्त्राचे मूळ या साध्या निरीक्षणात आहे. अंश वापरले तर हीच सीमा एक येत नाही, ०.०१७४५३… येते.

साइनचे विकलज कोसाइन, हे विधानही याच अटीवर उभे आहे. एक त्रिज्या असलेल्या वर्तुळाच्या कडेवरून एखादी मुंगी चालते आहे. तिने कडेवर छोटे पाऊल टाकले की तिची उंची त्या पावलाच्या कोसाइनपट बदलते, ही शुद्ध भूमिती झाली. पाऊल त्रिज्येच्याच मापाने मोजले तर हिशेब इथेच संपतो. पाऊल अंशांत मोजले, तर ‘एक’ म्हटलेले पाऊल प्रत्यक्षात त्रिज्येच्या सत्तावन्नाव्या हिश्शाएवढेच पडते. मग विकलज येते ०.०१७४५ गुणिले कोसाइन. दुसऱ्यांदा विकलज काढले की ०.०००३०५, आणि पुढे प्रत्येक वेळी नवे अपूर्णांक. दोलक, विजेचा पर्यायी प्रवाह, ध्वनी, भूकंपाच्या लाटा यांची सगळी समीकरणे विकलजांवर चालतात. त्या प्रत्येकात हे आकडे कोणी वाहून नेणार नाही. म्हणून शाळेची भूमिती संपते आणि कलनशास्त्र सुरू होते, नेमके त्या वळणावर पुस्तके माप बदलतात.

आर्यभटांच्या ३४३८ मध्ये काय दडले आहे?

इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त ज्यांचे कोष्टक आहे. काटकोनाचे २४ भाग, प्रत्येक भाग २२५ कलांचा, म्हणजे पावणेचार अंशांचा. ज्यांमधले फरक २२५, २२४, २२२, २१९ असे उतरत जातात आणि शेवटचा फरक सात येतो. सगळ्यांची बेरीज ३४३८, आणि हीच या कोष्टकातल्या वर्तुळाची त्रिज्या. प्रथमदर्शनी हा आकडा विचित्र वाटतो. १००० नाही, ३६०० नाही, ३४३८ का?

परिघात ३६० गुणिले ६०, म्हणजे २१,६०० कला असतात. परिघाची एक कला हीच लांबीचे एकक मानली, तर त्याच एककात त्रिज्या किती? आर्यभटांनी परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर ६२,८३२ ला २०,००० असे दिले आहे, म्हणजे ३.१४१६, आणि ते ‘आसन्न’, म्हणजे अगदी जवळचे आहे, असेही नमूद केले आहे. त्यावरून त्रिज्या सुमारे ३४३८ कला येते. हाच एका रेडियनमधल्या कलांचा आकडा. ५७ अंश १७ कला ४५ विकला यांच्या कला करून पाहाव्यात. पूर्णांकात ३४३८ च मिळतात.

ग्रीक परंपरेत टॉलेमीने जीवांचे कोष्टक करताना त्रिज्या ६० भागांची घेतली. तिथे कंस एका मापात आणि जीवा दुसऱ्या मापात. आर्यभटांच्या कोष्टकात दोन्ही एकाच मापात आहेत, म्हणूनच त्याची पहिली ओळ इतकी बोलकी आहे. २२५ कलांच्या कंसाची ज्या २२५. लहान कोन आणि त्याची साइन सारखीच, हे वर अंश-रेडियनच्या आकड्यांत दिसले तेच.

याचा अर्थ आर्यभटांनी रेडियन शोधले असा लावणे मात्र घाईचे ठरेल. त्यांनी कला कायम ठेवल्या आणि त्रिज्या कलांत मोजली. रेडियनमध्ये त्रिज्येलाच एक मानून कंस मोजतात, म्हणजे वाट उलटी आहे. पण कंस आणि त्रिज्या एकाच मापाने मोजण्याची मुख्य कल्पना दोन्हीकडे तीच, आणि तिची फळे भारतीय गणिताला मिळालीही. ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ.स. ११५०) भास्कराचार्यांनी ग्रहाची तात्कालिक गती काढताना ज्येतला सूक्ष्म बदल कोज्येच्या प्रमाणात असतो हे वापरले. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेव यांनी स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. पुढे केरळात चौदाव्या शतकात संगमग्रामच्या माधवांनी ज्येची अनंत श्रेढी मांडली. कंस, वजा कंसाचा घन भागिले सहा, अधिक पाचवा घात भागिले १२०, अशी ती जाते. मूळ मांडणीत प्रत्येक पदात कंसाच्या वर्गाला त्रिज्येच्या वर्गाने भागलेले असते. आजच्या भाषेत तो भागाकार म्हणजेच रेडियन. सोळाव्या शतकातल्या ज्येष्ठदेवांच्या ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात या श्रेढीची सिद्धताही मिळते.

जाता जाता, ‘साइन’ हा शब्दही याच घराण्यातला. धनुष्याच्या दोरीला ज्या किंवा जीवा म्हणत. अरबीत तो उच्चारानुसार ‘जीब’ असा लिहिला गेला, पुढे कोणीतरी तो ‘जैब’, म्हणजे खिसा किंवा पदराची घडी, असा वाचला, आणि लॅटिन भाषांतरात त्याचा ‘सायनस’ झाला. मराठी शाळेत वर्तुळाच्या जीवेचे प्रमेय सोडवणारी मुले मूळ शब्दच वापरत असतात.

‘रेडियन’ हे नाव कधी पडले?

युरोपात या मापाची स्पष्ट कल्पना रॉजर कोट्स यांच्या लेखनात, १७१४ च्या सुमारास दिसते. न्यूटन यांच्या ‘प्रिन्सिपिया’च्या दुसऱ्या आवृत्तीचे संपादन याच कोट्स यांनी केले होते. १७१६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्यांचे गणिती लेखन त्यांचे नातलग रॉबर्ट स्मिथ यांनी १७२२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ऑयलर यांनी १७४८ च्या ग्रंथात त्रिज्या एक धरून कंसांच्या साइन-कोसाइनवर सारे विश्लेषण उभारले, आणि तेव्हापासून गणितज्ञांत हीच रीत चालू राहिली. नाव मात्र नव्हते.

सेंट अँड्र्यूज विद्यापीठातले थॉमस म्यूर १८६९ मध्ये ‘रॅड’, ‘रेडियल’ आणि ‘रेडियन’ यांतले कोणते घ्यावे यावर विचार करत होते. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजमधले प्राध्यापक जेम्स थॉमसन हे लॉर्ड केल्विन यांचे थोरले बंधू. त्यांनी स्वतंत्रपणे ‘रेडियन’ हाच शब्द वापरला, आणि ५ जून १८७३ रोजी तो प्रथम छापून आला. कुठल्या ग्रंथात वा शोधनिबंधात नव्हे, तर परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत! दीडशे वर्षे परीक्षार्थींना छळणाऱ्या या शब्दाचा जन्मच परीक्षेत झाला, हा योगायोग मजेशीर आहे.

मग अंश मागे पडले का?

अजिबात नाही, आणि पडूही नयेत. सुताराला काटकोन ९० म्हणून सांगता येतो, १.५७०८ म्हणून सांगितला तर तो कारागिराला वेडात काढेल. ‘पाय’ अपरिमेय असल्यामुळे काटकोन, साठ अंश, पंचेचाळीस अंश हे रोजचे कोन रेडियनच्या दशांशात कधीच पुरे लिहिता येत नाहीत. कंपासपेटीतल्या कोनमापकावर रेडियनच्या खुणा नसतात, त्या याच कारणाने. अक्षांश-रेखांश, विमानाची दिशा, होकायंत्र, जमिनीची मोजणी ही सगळी अंशांची घरे आहेत. पृथ्वीवरच्या अक्षांशाच्या एका कलेएवढे अंतर म्हणजे साधारण एक सागरी मैल, १८५२ मीटर. हा मेळ खलाशांना शतकानुशतके उपयोगी पडला आहे.

काही क्षेत्रांनी दोन्ही मापांतून तिसराच मार्ग काढला. तोफखान्यात ‘मिल’ वापरतात. ही कल्पना रेडियनच्या हजाराव्या भागाची आहे. एक हजारांश रेडियनने नेम चुकला तर एक किलोमीटरवर गोळा एक मीटर बाजूला पडतो, म्हणजे हिशेब तोंडी करता येतो. खऱ्या वर्तुळात असे सुमारे ६२८३ मिल बसतात, पण हा आकडा भागायला गैरसोयीचा. म्हणून ‘नाटो’च्या सैन्यांनी ६४०० धरले आणि सोव्हिएत सैन्याने ६०००. म्हणजे सोयीसाठी थोडी अचूकता सोडली. ३६० ची निवड करताना बॅबिलोनियनांनीही सोयच पाहिली होती.

खगोलशास्त्रज्ञ मोजतात विकलांत आणि हिशेब करतात रेडियनमध्ये. पूर्ण चंद्र आकाशात सुमारे ०.५२ अंश दिसतो, म्हणजे ०.००९ रेडियन. त्याचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. दोन्ही आकडे गुणले की चंद्राचा व्यास सुमारे ३४६० किलोमीटर येतो. प्रत्यक्षातला आकडा ३४७४ आहे. दूरच्या ताऱ्यांसाठी वापरला जाणारा पार्सेक २,०६,२६५ खगोलीय एककांचा असतो, आणि या अवघड आकड्याचे रहस्यही सोपे आहे. एका रेडियनमध्ये तितक्याच विकला असतात.

रेडियनला एकक म्हणायचे की नुसती संख्या?

हा वाद अजून मिटलेला नाही. लांबीला लांबीने भागले तर उरते नुसती संख्या. म्हणून गणिताच्या पुस्तकात ‘पाय भागिले सहा’ लिहून पुढे काहीच लिहीत नाहीत, आणि एकक लिहिलेले नसेल तर कोन रेडियनमध्ये समजायचा असा संकेत आहे. पण १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धती ठरली तेव्हा रेडियन नेमके कुठे बसवायचे हे कळेना. ना मूळ एकक, ना साधित. म्हणून ‘पूरक एकक’ असा वेगळा वर्ग करून त्यात रेडियन आणि घनकोनाचे स्टेरेडियन ठेवले गेले. १९९५ मध्ये वजन-मापांच्या सर्वसाधारण परिषदेने तो वर्गच मोडीत काढला आणि रेडियन साधित एककांत गेले, मीटर भागिले मीटर म्हणून. २०१९ मध्ये किलोग्रॅमची व्याख्या बदलली, तेव्हाही हे स्थान तसेच राहिले.

नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ विल्यम फिलिप्स आणि पीटर मोर यांनी २०१५ मध्ये ‘मेट्रोलॉजिया’ या नियतकालिकात या व्यवस्थेवर बोट ठेवले. रेडियन म्हणजे एक, असे मानून ते केव्हाही लिहायचे किंवा गाळायचे, यामुळे सेकंदाला फेरे आणि सेकंदाला रेडियन यांत गोंधळ होतो आणि उत्तर सहा पूर्णांक अठ्ठावीस शतांश पटीने चुकू शकते. दुसरीकडे, रेडियनला पूर्ण एककाचा मान दिला तर भौतिकशास्त्रातली असंख्य समीकरणे नव्याने लिहावी लागतील. त्यासाठी फारसे कोणी तयार नाही.

चुका कुठे होतात, आणि कशा पकडाव्यात?

संगणकाच्या जवळजवळ सगळ्या भाषा त्रिकोणमितीसाठी रेडियनच धरतात, कारण आतला हिशेब साधारणपणे माधवांच्या श्रेढीच्या धर्तीवरच्या बहुपदींनी होतो. नकाशाचा डेटा मात्र अंशांत येतो. अक्षांश-रेखांशांवरून दोन गावांमधले अंतर काढणारा प्रोग्राम लिहिताना हे रूपांतर विसरणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. एका अक्षांशाचे अंतर तिला ०.०१७४५३ ने गुणून सुमारे १११ किलोमीटर येते. रूपांतर विसरले की एक अंश हाच एक रेडियन समजला जातो आणि उत्तर थेट ६३७१ किलोमीटर. इथे चूक लगेच दिसते. साइन-कोसाइनच्या लांबलचक सूत्रात ती दिसत नाही, कारण तिथे कोणताही आकडा शेवटी उणे एक आणि एक यांच्यामध्येच येऊन बसतो. एक्सेल आणि पायथॉन या दोन्हींत ‘रेडियन्स’ नावाचे तयार फंक्शन आहे. साइनच्या कंसात अंश टाकण्याआधी ते त्यातून काढले की काम झाले.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आणखी एक सापळा असतो. काही ॲपमध्ये ‘रॅड’ लिहिलेले बटण सध्याचे माप दाखवत नाही, ते दाबल्यावर येणारे माप दाखवते. दुसऱ्या ॲपमध्ये नेमके उलटे. अक्षरांवर विसंबण्यापेक्षा गणित सोडवायला घेण्याआधी साइन ३० टाइप करून पाहणे बरे. ०.५ आले तर यंत्र अंशांवर आहे, उणे ०.९८८ आले तर रेडियनवर. आणि ०.४५४ आले, तर कोणाचे तरी बोट चुकून फ्रेंच राज्यक्रांतीच्या ‘जी’वर पडले आहे.